मांडीवर ठेवायला काय शिवू?

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"ताई, माझा मुलगा ६ वर्षांचा आहे, पहिलीत जातो, वजन १८ किलो. गोव्याला दाखवलं तेव्हा ऑटिझम असल्याचं सांगितलं. वर्गात तो थोडा वेळसुद्धा बसत नाही, सारखा उठतो, शर्टाची कॉलर चावून चावून फाडतो. घरी मात्र गाद्यांच्या चळतीत घुसला की कितीतरी वेळ शांत पडून राहतो. थेरपिस्टकडे महिन्यातून एकदाच जाणं होतं. अशा मुलांना शांत वाटावं म्हणून आत वजन भरलेलं जड पांघरूण मोबाईलवर विकायला असतं ते बघितलं. ते परवडणारं नाही, पण मला शिवणकाम येतं, मशीन घरात आहे. तांदूळ भरून तसंच पांघरूण शिवू का? धाकटी ७ महिन्यांची आहे, आम्ही सगळे एकाच खोलीत झोपतो. सासूबाई म्हणतात, 'तेका काय्येक झालेला नाय, तेचो बापूस पण ल्हानपणी तसोच होतो.' आणि असं काही शिवलं तर शाळेत नेऊ देतील का?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं गाद्यांच्या चळतीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्या अंगाला काय हवं आहे ते तुमच्या लेकाने स्वतःच शोधून काढलंय, आणि तुम्ही ते नीट टिपलंय. शिवायला घेण्याआधी जी माहिती लागते, तिच्यातली अर्धी या वाक्यात आहे.

आपलं शरीर खोलीत कुठे आहे, हातपाय कसे वळलेत, हे आपल्याला डोळे मिटूनही कळतं, कारण स्नायू आणि सांधे ती खबर मेंदूला सतत देत असतात. काही मुलांना ही खबर पुरेशी मिळत नाही असं व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानतात. मग ती मुलं उड्या मारतात, भिंतीला धडकतात, गाद्यांखाली शिरतात. हलका हात लागला तर दचकणारं मूल घट्ट मिठी मात्र मागून घेतं. पसरलेला, एकसारखा दाब अशा मुलांना बरा वाटतो तोही यामुळेच, असं त्यांचं म्हणणं आहे.

टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका स्वतः ऑटिस्टिक आहेत. लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारी चौकट त्यांनी तरुणपणी पाहिली आणि तशीच एक चौकट स्वतःसाठी बनवली. त्या चौकटीत दाब किती द्यायचा आणि कधी सोडायचा याची कळ त्यांच्या स्वतःच्या हातात होती. शिवताना एवढं एकच ध्यानात ठेवलंत तरी पुष्कळ झालं. जे शिवाल ते मुलाला एका हाताने बाजूला सारता आलं पाहिजे.

म्हणून पांघरूण शिवू नका. हे मी ठामपणे सांगते आहे. २००८ साली कॅनडातल्या क्विबेक प्रांतात ९ वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा शाळेत जड पांघरुणात गुंडाळून ठेवलेला असताना गेला. झोपेतलं मूल आपल्यावरचं ओझं स्वतःहून काढेलच असं नाही. शिवाय तुमच्या खोलीत तान्ही मुलगी आहे. जड पांघरूण, जड दुपटं, वजन भरलेलं झबलं यातलं काहीही तान्ह्या बाळाजवळ असू नये, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सुरक्षित झोपेच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे. रात्री भावाचं पांघरूण सरकून तिच्या अंगावर आलं तर कुणाला कळणारही नाही. (डोकं गोल व्हावं म्हणून तिला मोहरीची उशी दिली असेल, तर तीही काढा. पहिल्या वर्षात उशी नको.)

शिवाय ज्या झोपेसाठी लोक ते विकत घेतात, तीही पदरात पडेलच असं नाही. ब्रिटनमध्ये ५ ते १६ वयाच्या ६७ ऑटिस्टिक मुलांवर एक नीट आखलेली चाचणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. जड पांघरुणाने मुलं जास्त वेळ झोपली नाहीत की लवकरही झोपली नाहीत. मुलांना आणि आईवडिलांना ते आवडलं मात्र होतं. आणि ही गोष्ट तिकडच्या थंडीतली. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये चादरसुद्धा अंगावर सहन होत नाही, तिथे घामाने भिजलेलं जड पांघरूण मुलाने का घ्यावं?

तुम्ही मांडीवर ठेवायची गादी शिवा. बसलेल्या मुलाच्या मांड्यांवर ती पसरून राहते, दाब देते, आणि नकोशी झाली की खाली ढकलता येते. वजन सर्वसाधारणपणे मुलाच्या वजनाच्या वीसाव्या हिश्शाच्या आसपास ठेवतात. १८ किलोच्या मुलाला ते ९०० ग्रॅम होतं. पण पहिल्या दिवशी निम्म्यानेच सुरुवात करा, आणि पुढच्या खेपेला थेरपिस्टला गादी दाखवून वजन ठरवून घ्या. मुलाला फिट येत असतील, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, स्नायू ढिले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे काहीच करू नका.

आता भरायचं काय? तांदूळ नको. परदेशातले लोक तांदूळ भरतात, तिथे ते चालतही असेल. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत डब्यातल्या तांदळातसुद्धा पोरकिडे होतात, मग घामट मांडीवरच्या पिशवीत काय होईल? बुरशी धरेल, वास येईल, आणि धुतली तर आतला तांदूळ फुगून आंबेल. कुळीथ भरलेत तर पहिल्याच धुण्यात मोड येतील. किनाऱ्यावरची वाळू फुकटची म्हणून मोह होतो, पण तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, पिशवी कायम दमट राहते, आणि बारीक कण शिवणीतून गळत राहतात.

किनाऱ्यावरच्या घरात आणखी तीन वस्तू सहज हाताला लागतात आणि त्या तिन्ही मुलाजवळ येता कामा नयेत. पहिली, जाळ्याला खाली लावतात ती शिशाची वजनं. लहान, जड, पिशवीत भरायला अगदी सोयीची दिसतात. पण शिसं विषारी आहे, मुलांच्या मेंदूला ते इजा करतं, आणि त्याचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॉलर चावणारा मुलगा उद्या पिशवीचा कोपराही चावेल, हे विसरू नका. दुसरी, गुंजा. दिसायला सुंदर, आणि आतला गर जबरदस्त विषारी. तिसरी, कच्ची काजूबी. तिच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण परसात पडलेली असते म्हणून लिहिलं.

माझी पसंती मत्स्यालयाच्या तळाला घालतात त्या बारीक, गुळगुळीत खड्यांना. नैसर्गिक रंगाचे घ्या, रंगवलेले नकोत. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मिळतात. पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत धुवा आणि उन्हात पुरते वाळवा. ते गंजत नाहीत, किडत नाहीत, धुतले तरी बिघडत नाहीत. लोखंडी छर्रे घेऊ नका, आपल्या खाऱ्या हवेत त्यांना गंज चढायला वेळ लागत नाही.

शिवायचं कसं, ते आता सविस्तर सांगते, कारण मोबाईलवर दाखवतात ती रीत खड्यांना चालत नाही. ते मोठी पिशवी शिवतात, उभ्या टिपा मारतात, एकेका खणात माल टाकून वर आडवी टीप मारतात. खडा सुईखाली आला की सुई मोडते, आणि मोडलेलं टोक आत कुठे गेलं ते सापडत नाही. त्यापेक्षा आधी सुट्या पुरचुंड्या करा आणि त्या कव्हरमध्ये सरकवा.

पुरचुंड्यांना मांजरपाट घ्या. आधी गरम पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून मगच बेता, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. ५ इंच चौरस तुकडे कापा. अर्धा इंच माया, म्हणजे टिपेबाहेरची कड, ठेवली की तयार पुरचुंडी ४ इंचाची होते. अशा १२ पुरचुंड्या लागतील, आणि प्रत्येक पुरचुंडी दुहेरी कापडाची, म्हणजे ४८ तुकडे. दुहेरी कापडाला कंटाळू नका, एक थर विरला तरी खडे आत राहतात ते त्यामुळेच. तीन बाजूंना एकमेकींच्या जवळ दोन टिपा मारा, उलटवा, ७० ग्रॅम खडे भरा. वजनाला स्वयंपाकघरातला काटा नसेल तर वाण्याकडून पहिली पुरचुंडी मोजून आणा आणि तेवढ्या मापाची वाटी ठरवा. खडे तळाशी झटकून घ्या, तोंडाची माया आत दुमडा, टाचण्यांनी पक्की करा आणि दोन टिपा मारा. टाचण्या मोजून लावा, मोजून काढा. पुरचुंडी गच्च भरू नका. ती मांडीवर पसरली पाहिजे.

कव्हरसाठी १९ इंच लांब आणि साडेचौदा इंच रुंद असे दोन तुकडे. साडेचार-साडेचार इंचांचे तीन उभे कप्पे खडूने आखून टिपा मारा. एकेका कप्प्यात चार पुरचुंड्या एकाखाली एक बसतात, हलायला फारशी जागा उरत नाही, म्हणून सगळं ओझं एका टोकाला गोळा होत नाही. उघड्या बाजूला प्लॅस्टिकची चेन लावा, धातूची गंजते. चेन ओढायचा दोरा कापून टाका आणि वरून कापडाची झडप घाला, म्हणजे बोटांना ती सापडणार नाही. वेल्क्रो मी टाळेन. त्याचा फर्रकन आवाज काही मुलांना सोसत नाही, आणि ज्यांना आवडतो ती दिवसभर तेच करत बसतात. बारा पुरचुंड्या मिळून ८४० ग्रॅम होतात, कापड धरून तुमच्या मुलाला योग्य तेवढं. सुरुवातीला प्रत्येक कप्प्यात दोनच घाला. पुरचुंड्या सुट्या असल्याचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळेल. कव्हर रोज धुतलं तरी पंख्याखाली एका रात्रीत वाळतं, आणि पुरचुंड्या पसरून ठेवता येतात.

कव्हरचं कापड मात्र तुम्ही एकटीने ठरवू नका. घरातली चार-पाच कापडं मुलापुढे ठेवा. आजीच्या नऊवारीचा विरलेला पदर, टॉवेलचा तुकडा, जाडसर कॉड्रॉय, साटीन, खादी. बोलावू नका, विचारू नका, नुसतं बघत बसा. हात कुठल्या कापडाकडे परत परत जातो, कुठलं गालाला लावतो, कुठलं झटकून टाकतो. जे टाकलं ते कितीही मऊ असलं तरी टाकलंच समजा. शिवण आतल्या बाजूला दाबून घ्या, कडेला ना लेबल, ना लेस, ना बटण, ना मणी. कापड वासाच्या साबणाने धुवू नका. तयार झाल्यावर प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा. मग दर आठवड्याला तसंच बघा, आणि एक टीप जरी उसवली तरी ती पुरचुंडी काढून टाका. धाकटी रांगायला लागेल तेव्हा गादी तिच्या हाती पडणार नाही अशा ठिकाणी ठेवायला लागेल, कारण सांडलेला एक खडासुद्धा तिच्या घशात अडकू शकतो.

वापरताना गादी त्याच्या मांडीवर तुम्ही ठेवू नका. त्याच्या शेजारी ठेवा, स्वतःच्या मांडीवर घेऊन दाखवा. त्याने घेतली तर पंधरा-वीस मिनिटं, मग बाजूला. तास-दोन तास ठेवली तर शरीराला तिची सवय होऊन जाते आणि उपयोग कमी होतो, असं थेरपिस्ट मानतात. जेवताना, चित्र काढताना, गोष्ट ऐकताना, म्हणजे जिथे बसणं जमायला हवं तिथेच ती काढा. झोपताना नाही, खांद्यावर नाही, तोंडावर तर कधीच नाही. आणि "मस्ती केलीस, आता गादी घेऊन बस" असं घरात कुणीही म्हणू नये. शिक्षा झाली की ती वस्तू संपली.

कॉलर चावण्याचं वेगळं बघा. खडे भरलेली गादी चावायला देता येणार नाही. त्यासाठी चावायला म्हणूनच बनवलेल्या, अन्नाला चालणाऱ्या सिलिकॉनच्या वस्तू मिळतात, थेरपिस्टला विचारून तशी एक घ्या. घरचं हवं असेल तर धुवट सुती कापडाची, आत काहीही न भरलेली, मधोमध एक घट्ट गाठ मारलेली लहान पट्टी चालते, पण तुमच्या डोळ्यांसमोरच, रोज उकळून, आणि सूत सुटायला लागलं की टाकून द्यायची. गळ्यात बांधायची नाही. तो माती, चुना, खडू खात असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. अशा खाण्यामागे अंगात लोह कमी असणं हे कारण असू शकतं.

सासूबाईंबद्दल. त्यांना ऑटिझम पटवून देण्यात शक्ती घालवू नका. त्या म्हणतात ते अगदीच बिनबुडाचं नाही, ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुलाचे वडील लहानपणी खरंच तसे असतील, आणि त्यांना तेव्हा कशाने बरं वाटायचं हे तुमच्या घरात फक्त सासूबाईंना माहीत आहे. त्यांना तेच विचारा. आणि हाताला काम द्या. गोधडीचा धावदोरा त्यांच्या बोटांत असेल. दप्तराएवढी एक पट्टी त्यांच्याकडून शिवून घ्या, बोटांनी चाचपत बसायला. मऊ सुती कापडावर दाट धावदोऱ्याच्या ओळी उठल्या की बोटांना छान खडबडीत लागतं. एका बाजूला कॉड्रॉयचा तुकडा, एका बाजूला पैठणीच्या जुन्या काठाचा, मधे दोन थरांच्या खिशात कापडाची गाठ, ती आतल्या आत इकडून तिकडे सरकवता येईल अशी. मुलाला आवडला तर सुंभाचा एक पेड टोकं आत घेऊन शिवून टाका. काथ्या काहींना बोचतो, काहींना तोच हवा असतो. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा लावू नका, बोट अडकून रक्त थांबू शकतं.

शिवून होईपर्यंत थांबायचं कारण नाही. सांध्यांना जोर लागेल असं काम शाळेत जाण्याआधी दिलं तर काही मुलांना त्यानंतर बसायला सोपं जातं, असं थेरपिस्ट सांगतात. तुमच्या घरात ते काम भरपूर आहे. नारळ एकेक करून पडवीत आणून रचायचे, तुमच्याबरोबर रहाटाचा दोर ओढायचा, भाकरीचं पीठ मळायचं, ओल्या वाळूवरून अनवाणी चालत भरलेली बादली न्यायची. सुट्टीच्या दिवशी नव्हे, रोज.

शाळेचं सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे, आणि अशा मुलाला शिकण्यासाठी लागणारी वाजवी सोय करून देणं हे शाळेचं कर्तव्य त्यात लिहिलेलं आहे. पण कायद्याची प्रत घेऊन पहिल्या दिवशी जाऊ नका. गादी घेऊन जा, बाईंच्या मांडीवर दोन मिनिटं ठेवा, आणि तिचे नियम एका कागदावर लिहून द्या: तो मागेल तेव्हा, पंधरा-वीस मिनिटं, फक्त मांडीवर, कुणीही जबरदस्तीने ठेवायची नाही, उसवली तर परत घरी. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक तुमच्या तालुक्यात कोण आहेत हे मुख्याध्यापकांना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, तो २०१३ पासून सुरू आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. गोव्याची खेप महिन्यातून एकदाच होते, तर मधल्या दिवसांत काही इथेच मिळतं का हे बघायलाच हवं.

मापं कुठे अडली तर कळवा. आणि कळवताना तीन गोष्टी लिहा: त्याने कुठलं कापड निवडलं, शेवटी किती पुरचुंड्यांवर तो स्थिरावला, आणि गादी त्याने स्वतःहून मागितली की नाही. न मागता दोन-तीन आठवडे गेले तर पुरचुंड्या काढून ठेवा, कव्हर धुऊन त्याची उशीची खोळ करा, आणि त्याला गाद्यांच्या चळतीत घुसू द्या. फक्त तोंड उघडं राहील आणि वर कुणी बसणार नाही एवढं बघा.

तुमची,
ताई